आयत्या वेळचे विषय

मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं,
असं मी पहिल्या ओळीत लिहितो.
सोळा वर्षं तेच लिहितो.

गोझो बेटावरचं आमचं गाव एवढंसं
की चर्चच्या पायरीवर कुणी शिंकलं
तर शेवटच्या घरातून 'एव्हिवा' ऐकू येतं,
शिंकणारा आपल्यातला असेल तर.
चौकात दोन बार, समोरासमोर:
एकात लाल पक्षाची कॉफी, एकात निळ्याची,
दोन्हीकडचं यंत्र दुरुस्त करायला माणूस मात्र एकच येतो,
मागच्या दारानं.

विषय क्रमांक चार: बसथांब्यावर बाक बसवणे.
सूचक वीजी रापा, निळे.
चेन्सा ब्याऐंशी वर्षांची,
मंगळवारी आणि शुक्रवारी पाय दाखवायला इस्पितळात जाते,
बस येईतो उन्हात उभी, भिंतीला हात लावून.
बाक नको असं कुणीच म्हणालं नाही.
तिघांनी विरोधात हात वर केले.
ठराव तीन विरुद्ध दोन नामंजूर.

मग निवडणूक झाली. तीन निळे, दोन लाल.
विषय क्रमांक चार: बसथांब्यावर बाक बसवणे.
सूचक साल्वू अतार्द, लाल.
तेच शब्द,
'बसथांबा' लिहिताना माझी झालेली चूकसुद्धा तीच.
वीजीचा हात विरोधात वर जाताना
खांद्याशी क्षणभर अडला.
मी पाहिलं.
इतिवृत्तात त्याला रकाना नाही.

शेवटी बाक आला तो थेट मंत्रालयाकडून,
मतदानाच्या तीन आठवडे आधी. निळा.
सकाळी पाहतो तर लाल.
रविवारी पुन्हा निळा.
रंगावर रंग चढत गेला, वाळायची सोय नाही,
आणि चेन्साच्या काळ्या झग्याला
मागून दोन्ही पक्ष लागले.
ती हसली होती तेव्हा.
घरी जाऊन रॉकेलनं घासत बसली.

चौकशी होईपर्यंत
बाक कौन्सिलच्या ताब्यात घ्यावा, असं ठरलं.
एकमतानं. सोळा वर्षांतलं पहिलं एकमत.
तेव्हापासून तो माझ्या टेबलामागे आहे.
दुपारी मी त्यावर बसून पाव आणि ऑलिव्ह खातो.

माझंही सांगून टाकतो.
ही नोकरी मला अक्षर चांगलं म्हणून मिळाली नाही.
वडिलांनी एका माणसाच्या दारात टोपी हातात घेऊन
तीन संध्याकाळी काढल्या, त्याची ती मिळकत.
काका शेजारच्याच घरात राहायचा, दुसऱ्या रंगाचा.
मधल्या भिंतीतून त्याचा खोकला ऐकू यायचा.
एक दिवस येईनासा झाला
तेव्हा वडील रात्रभर भिंतीकडे तोंड करून झोपले,
आणि प्रेतयात्रा दारावरून गेली
तेव्हा खिडकी लावून घेतली.
फट ठेवली होती.
एवढीशी.

काल सभेला चेन्सा आली,
स्वयंपाकघरातली खुर्ची काखेत घेऊन,
वेताची, कसलाच रंग नसलेली.
प्रेक्षकांच्या खुर्च्या डावीकडे लाल, उजवीकडे निळ्या.
तिनं आपली खुर्ची मधल्या वाटेत मांडली आणि बसली.
साल्वू तिला वळसा घालून गेला, वीजीही.
तिनं काही मागितलं नाही.
पर्समधून संत्रं काढून सोललं,
आणि वासाला काय, तो सगळीकडे गेला.

शेवटची ओळ मी लिहिली:
आयत्या वेळचे विषय: नाहीत.

सगळे गेल्यावर दिवा तसाच ठेवून
बाकाचं एक टोक उचलून पाहिलं.
दुसरं टोक जमिनीवरच राहिलं, हललंसुद्धा नाही.
हात लावायला कुणाला बोलवावं, आठवू लागलो.
गावातली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आली,
आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याआधी
त्याचा रंग.

उद्या शुक्रवार.